रेमेदीनचा गुरुवार

रेमेदीन डांटसला लदीन तोंडपाठ होती, आणि तिची धाकटी जाव इस्पेरांस हिला ती अठ्ठावीस वर्षांत एकदाही धड म्हणता आली नव्हती. सुरूबन वाड्यात कुणाच्याही घरी प्रार्थना असली की लोक रेमेदीनला पुढे बसवत. ती पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून मारिया मातेची एकेक पदवी उच्चारायची आणि मागून सगळे 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचे. इस्पेरांस उशिरा यायची, दाराकडे कुठेतरी टेकायची, नको तिथे 'आमेन' म्हणायची आणि स्वतःच फिसकन हसायची. तरी प्रार्थना संपून उकडलेले चणे वाटायची वेळ झाली, की माणसं जमायची ती इस्पेरांसभोवती.

हे असं का होतं, ते रेमेदीनला समजत नसे असं नाही. सहन होत नसे.

दोघींची घरं एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, समोरासमोर. समुद्राकडचं, सखल जागेवरचं रेमेदीनचं आणि खाडीच्या अंगाला, उंच जोत्यावरचं इस्पेरांसचं. रेमेदीनचा नवरा कायतान होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. इस्पेरांसचा नवरा बस्त्यांव परदेशी बोटीवर. दोरीना धरून तिच्या दोन्ही मुली गोव्यात दिलेल्या. रेमेदीनने जपून लावलेलं जायफळाचं रोप दोनदा सुकलं. इस्पेरांसच्या मोरीच्या पाण्यावर आपसूक पपई वाढली आणि धरलीही. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं रेमेदीनने केलं, पण म्हातारी जायच्या दिवशी तिने हात धरला इस्पेरांसचा. अशा गोष्टी रेमेदीन कुणाला सांगत नसे. मनात मात्र त्या एकावर एक रचलेल्या होत्या, कौलांसारख्या.

आणि सगळ्यांत खाली होता आग्नेल, तिचा एकुलता एक मुलगा. त्याला फादर करायचं, हे त्याच्या जन्माआधीच तिने देवाला सांगून ठेवलं होतं. तो सेमिनरीत गेला तेव्हा तिने सगळ्या वाड्याला जेवण घातलं. सहाव्या वर्षी, मे महिन्यात, तो बॅग घेऊन घरी आला आणि म्हणाला, "मांय, माका ह्यां जमूचां नाय." रेमेदीनने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "झगो घालून येशीत तेवाच ह्या घरात पाय ठेव," एवढंच म्हणाली. तो त्याच पावली परत फिरला. त्याला आता तीन वर्षं झाली होती. लोकांना ती सांगायची, झील पुण्याला नोकरीला आहे. खरं म्हणजे तो कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं. कायतानने एकदा फोन करायचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "कर. आणि मगे तूय थंयच रव." त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. इगर्जीतली सायबीण, म्हणजे चर्चमधली मारिया मातेची हातभर उंचीची निळ्या झग्यातली मूर्ती, त्या महिन्यात वाड्यावाड्यांतून घरोघर फिरते. एका घरी एक रात्र आणि एक दिवस. संध्याकाळी वाजतगाजत आणायची, जपमाळ म्हणायची, लदीन म्हणायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी पोचवायची. घरातलं माणूस आपलं मागणं चिठीवर लिहून मूर्तीच्या पायाखाली ठेवतं. त्या वर्षी इगर्जीच्या दारावर यादी लागली तेव्हा सुरूबन वाड्यातली शेवटची दोन घरं डांटसांची होती. बुधवार इस्पेरांस. गुरुवार रेमेदीन.

रेमेदीनने सायबिणीच्या येण्याची तयारी पावसाळ्याआधीच सुरू केली होती. भिंतीला रंग दिला. मूर्तीच्या आल्तारावर घालायला पांढऱ्या दोऱ्याचा रुमाल विणला, त्याला पाच महिने लागले. चिठीही लिहून ठेवली होती, छान वळणदार अक्षरात, पुस्तकी मराठीत: 'माझा मुलगा आग्नेल याला घरी परत आण.' आधी तिने 'सेमिनरीत परत ने' असं लिहिलं होतं. मग तो कागद फाडून दुसरा घेतला होता, आणि असं करताना आपण फार मोठं काही सोडून दिलं, असं तिला वाटलं होतं.

बुधवारी सायबीण इस्पेरांसकडे आली. तिथे काय तयारी? स्टीलच्या दोन पेल्यांत झेंडू, आणि ऐन वेळी काडेपेटी सापडेना. "अरे देवा, खंय ठेवलंय मी ती?" म्हणत इस्पेरांस घरभर धावली आणि माणसं हसायला लागली. शेजारची मासेवाली कृष्णाबाई आणि तिचा घरवाला विठोबा दरवर्षीप्रमाणे आले होते. कृष्णाबाईने आपल्या केसांतला अबोलीचा वळेसर काढून सायबिणीच्या गळ्यात घातला. "आमच्या भराडी देवीक घालतंय, तसो हिकाय," ती म्हणाली. रेमेदीनने लदीन म्हटली. संपल्यावर चणे संपेपर्यंत कुणी उठलं नाही. उद्या माझ्याकडे बघा म्हणावं, रेमेदीन मनात म्हणाली.

गुरुवारी पहाटेपासून वारा फिरला. अरबी समुद्रात वादळ आहे, किनाऱ्यावर येणार नाही, पण उधाण मोठं असेल, असं आदल्या दिवशी सांगितलं जात होतं. दुपारी भरतीला लाटा बंधाऱ्यावरून आत पडू लागल्या. तीन वाजता रेमेदीनच्या खळ्यात पाणी होतं. ती रुमालाला इस्त्री करत होती.

"रेमेदीन, चल गो. पाणी दारात इलां," कायतान म्हणाला.

"आज माजो दिवस. संध्याकाळी सायबीण येतली. मी घर सोडूचंय नाय."

"तिका आता होडयेन हाडूची काय?"

समोरच्या जोत्यावरून इस्पेरांस ओरडत होती, "बाय, मेणबत्ये मरांदेत! आधी तू ये!"

पाणी उंबऱ्यावरून आत आलं, गढूळ, वर माडाची सोडणं आणि कुणाची तरी चप्पल तरंगत असलेलं. रंगवलेल्या भिंतीवर पोटरीएवढ्या उंचीला रेघ उमटली. मग कायतानने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तिने बरोबर घेतलं ते काय? जपमाळ, आणि ब्लाउजमध्ये खुपसलेली चिठी.

समुद्राकडच्या सगळ्या घरांची माणसं इस्पेरांसच्या घरात आली. विठोबा, कृष्णाबाई धरून सतरा. पलीकडे रस्ता खचला, वीज गेली, वाड्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. आणि त्या सतरा माणसांच्या मधोमध, झेंडूच्या पेल्यांत, गळ्यात अबोली घातलेली सायबीण. गुरुवार होता, आणि ती इस्पेरांसच्याच घरात होती. इस्पेरांसने चुलीवर मोठा टोप चढवला, उकड्या तांदळाची पेज केली, सुके बांगडे भाजले आणि कुणाला कुठे निजवायचं ते हसतहसत ठरवलं. रेमेदीनला तिने आपल्या खोलीतला पलंग दिला. रेमेदीन त्यावर पडली आणि तिला वाटलं, आपल्या घराला पाणी लागलं याचं एवढं दुःख नाही. सायबिणीला यायचंच नव्हतं, याचं आहे. अठ्ठावीस वर्षं एक शब्द न चुकता जिला आळवलं, तिला हसऱ्या बाईचं घर आवडलं.

शुक्रवारी सकाळी पाऊस जरा थांबला. रेमेदीन मागच्या दारी धुतलेली भांडी आणायला गेली, तर इस्पेरांस विहिरीच्या काठावर उभी. फोनला तेवढ्याच जागी आवाज यायचा. पाठ रेमेदीनकडे होती.

"आसा रे बाबा, आसा. तुजी आवस माज्याच घरात आसा. पेज जेवली. पप्पाय बरो आसा... नाय, इतक्यात येव नको, रस्तो खचलो आसा. मोकळो झालो काय ये... हसतंय कित्याक? रडाक येता म्हणान हसतंय."

ती वळली आणि तिने रेमेदीनला पाहिलं. फोन हळूच पदराखाली गेला.

"कोण?" रेमेदीनने विचारलं.

"आग्नेल."

"पुण्यातसून?" हा प्रश्न तिच्या तोंडून सवयीनेच गेला.

"पुण्यात खंय, बाय? कुडाळाक आसा तो. यंत्राचे भाग करतत त्या कारखान्यात. तीन वर्सां झाली."

कुडाळ. एस.टी.ने तासाभराची वाट. रेमेदीनला आधी काही ऐकूच आलं नाही असं झालं. मग ती म्हणाली, "तुका कसां म्हायत?"

"बाजाराक जातंय तेवा भेटता. फोन करता अधीमधी. आवशीक सांगू नको म्हणालो. मी तेका कितीदा सांगलंय, घराक फोन कर म्हणान. तो म्हणता, ती उचलूची नाय." इस्पेरांसने ओठ चावला. "तुजां बिंबलाचां लोणचां नेवन देतंय तेका. माज्या चेडवांका व्हयां म्हणान तुज्याकडसून मागून घेतंय मा, तां."

उचलला नसता, हे खरंच होतं. पण त्या क्षणी रेमेदीनला तेवढं सोडून बाकी सगळं दिसलं. बाजाराच्या गर्दीत भज्यांच्या गाड्यापाशी उभी असलेली ही दोघं. पोर काहीतरी सांगतंय आणि ही तोंडावर पदर घेऊन हसतेय. तिच्या हाताचं लोणचं, आणि ते देणारा हात हिचा. तो बारीक झालाय का, दाढी ठेवलीय का, हे हिला माहीत. तीन वर्षं खळ्याच्या पलीकडे, पंधरा पावलांवर, ही सगळं माहीत असून रोज सकाळी 'बाय, चाय घेतलंस?' म्हणून विचारत होती. सासू घेतली, माणसं घेतली, सायबीण घेतली. आता झीलसुद्धा.

"बरां केलंस," रेमेदीन म्हणाली आणि भांडी न घेताच आत आली.

दुपारी रस्त्यावर पडलेलं सुरूचं झाड तोडायला पुरुष गेले आणि बायका-पोरंही बघायला बाहेर पडली. घरात रेमेदीन एकटी. चुलीवर भात रटरटत होता. ती सायबिणीसमोर जाऊन बसली. प्रार्थना करायला बसली होती, पण नजर गेली मूर्तीच्या पायाखालच्या कागदाकडे. काल संध्याकाळी इस्पेरांसने तिथे काहीतरी ठेवलेलं तिने पाहिलं होतं. असं दुसऱ्याचं मागणं वाचू नये, हे लहान पोरालाही कळतं. तिने कागद काढला आणि उघडला.

अक्षर वाकडंतिकडं, दोन ठिकाणी खोडलेलं.

'बायच्या आग्नेलाक घरा हाड. तिका खुप तरास जाता. ती सांगना नाय. इस्पेरांस.'

खाली नावसुद्धा लिहिलं होतं. सायबिणीचा गोंधळ नको व्हायला.

यावर रेमेदीनचं काळीज वितळायला हवं होतं. पुढे कित्येकदा तिला वाटलं, वितळलं असतं तर किती बरं झालं असतं. पण झालं उलटंच. म्हणजे आता आग्नेल आला तर तो हिच्या मागण्याने येणार. माझं पोर मला हिच्या पुण्याईने मिळणार. हिला लदीनसुद्धा येत नाही, आणि देवाकडे हिचीच ओळख चालणार. जन्मभर हिच्या तोंडाकडे बघताना मला ते आठवायला हवं.

तिने चिठी फाडली. दोन तुकडे, चार, आठ. चुलीपाशी जाऊन तिने ते निखाऱ्यांवर टाकले, आणि ते पेटून काळे होईपर्यंत उभी राहिली. मग ब्लाउजमधली आपली चिठी काढली, घामाने ओली झालेली, आणि ती सायबिणीच्या पायाखाली सारली.

त्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात तिनेच लदीन म्हटली. एकही शब्द चुकला नाही. आपल्याला एकही शब्द चुकला नाही, याचंच तिला मागाहून भय वाटलं.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा झाला आणि फादर सावियो आले. वसईकडचे, तरुण, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले. घरोघर फिरून त्यांनी चौकशी केली. मग इस्पेरांसच्या ओसरीवर बसून म्हणाले, "सायबिणीला आज पुढच्या वाड्यात न्यायला हवं. तिथली माणसं वाट बघताहेत."

"फादर, बायचो दिवस रवलो," इस्पेरांस म्हणाली. "आजच्या दिवस तिच्या घरात ठेवया. मी चिखल काढून देतंय."

फादरांनी रेमेदीनकडे पाहिलं. "चालेल. काय म्हणता, रेमेदीनबाई?"

पाच महिने तिने ज्याची वाट पाहिली होती, ते तिच्यासमोर ठेवलेलं होतं. पण ते इस्पेरांसने मागून दिलेलं होतं.

"नको, फादर," ती म्हणाली. "माझं घर तिला ठेवण्यासारखं नाही."

सगळ्यांना वाटलं, किती नम्र बाई.

त्याच दुपारी आग्नेल आला. कारखान्यातल्या दोन मित्रांना घेऊन, टेम्पोत पाणी उपसायचा पंप टाकून. विहिरींत खारं पाणी शिरलं होतं, त्या उपसायच्या होत्या. रेमेदीन खिडकीशी उभी राहून खराट्याने चिखल ओढत होती. तिने त्याला खळ्यात शिरताना पाहिलं. दाढी होती. खांदे रुंद झाले होते. तो क्षणभर मधे थांबला, दोन्ही घरांकडे पाहिलं, आणि इस्पेरांसच्या जोत्याच्या पायऱ्या चढला. तिच्यापुढे डोकं वाकवून त्याने बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागितलं. इस्पेरांसने त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि हाताने त्याला इकडे ढकललं: जा, आधी तिकडे जा.

तो आला. दारात उभा राहिला. "मांय, बेसांव दी."

रेमेदीनच्या हातात खराटा होता. "घेतलंस मा थंय?" ती म्हणाली. "मगे हंय कित्याक?"

कायतान मागून धावत आला आणि मुलाच्या गळ्यात पडून मोठ्याने रडला. रेमेदीनने कधी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आग्नेलने फावडं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत आईच्या घरातला चिखल काढला. जेवला इस्पेरांसकडे. जाताना दाराशी येऊन "येतंय" म्हणाला. रेमेदीनने मान हलवली. एवढंच.

तो गेल्यावर ती रिकाम्या, धुतलेल्या घरात बसली. जे मागितलं ते मिळालं होतं आणि तिने ते दारातच थांबवलं होतं. कुणाची चिठी फळली, तिची की राख झालेली, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, ती कुमसाराला गेली. जाळीपलीकडे फादर सावियो. तिने नेहमीची पापं सांगितली, रागावले, जपमाळ चुकवली. मग थांबली.

"आणखी?" फादर म्हणाले.

"हेवा केला."

"किती वेळा?"

"अठ्ठावीस वर्षं, फादर."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मग तिने चिठीची गोष्ट सांगितली.

"प्रायश्चित्त म्हणून," फादर म्हणाले, "जिची चिठी होती तिला हे सांगा."

"पन्नास जपमाळा द्या, फादर. शंभर द्या."

"त्या तुम्हाला सोप्या आहेत," फादर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस. सगळे सिमितेरीत जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांची साफसफाई करतात, फुलं, मेणबत्त्या ठेवतात, फादर पाणी शिंपडत फिरतात. सासूच्या थडग्यावर उधाणाने वाळू आणून टाकली होती. दोघी जावा गुडघ्यांवर बसून ती उपसत होत्या. इस्पेरांस काहीबाही बोलत होती. रेमेदीन मधेच म्हणाली, "तू सायबिणीच्या पायाकडे चिठी ठेवलंस, ती मी वाचलंय."

इस्पेरांस लाजली. "अक्षर बघून हसलंस आसशीत."

"मी ती फाडलंय. चुलीत घातलंय."

इस्पेरांसच्या हातातली वाळू तशीच राहिली. "कित्याक?"

"तुज्या मागण्यान तो येवचो नको होतो माका."

रेमेदीनला वाटलं होतं, ही आता हसेल, नाहीतर मिठी मारेल, आणि तेही तिला सहन झालं नसतं. पण इस्पेरांसचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता तसा झाला. लाल, आणि म्हातारा.

"माका लिवूक येना नाय," ती म्हणाली. "तासभर बसलंय ती लिवूक. माजां मागणां वायलां होतां, म्हायत आसा? माज्या दोरीनाच्या छातीत गाठ आसा. पणजेक तपासणीक दिलेली आसा. तां मी मागूचां म्हणान थारायलां होतां. मगे तुज्या घरात पाणी गेलां. मी म्हटलां, आज गुरुवार. हो दिवस बायचो. मगे मागणांय बायचांच होया. माज्या चेडवाचां सोडून तुजां मागलंय मी. आणि तू तां चुलीत घातलंस?"

रेमेदीन थडग्याच्या कडेची वाळू ओढत राहिली.

"सगळी माका म्हणतत, इस्पेरांस हसता, इस्पेरांसाक काय लागना नाय," ती म्हणाली. "माकाय लागता गो." आणि हातातली वाळू टाकून ती उठली, साडी झटकली, आणि फादर त्यांच्या थडग्यापाशी पोचायच्या आत फाटकाबाहेर निघून गेली.

त्यानंतर आठवडाभर खळ्यात आवाज नव्हता. सकाळी 'चाय घेतलंस?' असं कुणी विचारलं नाही. रेमेदीन दोनदा पायऱ्यांपर्यंत गेली, दोन्ही वेळा दार लोटलेलं. शनिवारी इस्पेरांस बॅग घेऊन मुलीकडे गोव्याला गेली. हे रेमेदीनला कळलं कृष्णाबाईकडून. रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसली की ती दोरीनाचं नाव घ्यायची. आधी तोंडातून निघत नसे. मग येऊ लागलं.

रविवारी आग्नेल आला. समोरचं घर बंद होतं, म्हणून सरळ इकडेच आला, आणि "काकी नाय, म्हणान हंय इलो" हा विचार रेमेदीनच्या मनात आलाच. तरी तिने कपाळावर क्रूस काढून त्याला बेसांव दिलं. तिने माशाची कढी केली होती, सुरमई तळली होती. तो जेवायला बसला, कायतान शेजारी, आणि ती वाढत होती. पोर एकटं तिच्या पुढ्यात होतं, वाटेकरी कुणी नाही. आणि तिला बोलायला काहीच सुचेना. सहा वर्षं ती त्याच्याशी फक्त प्रार्थनेचं, परीक्षेचं, कधी फादर होणार त्याचं बोलली होती.

"काकीवांगडा काय बोलतंस रे तू?" तिने शेवटी विचारलं.

आग्नेलने वर पाहिलं. ही भांडणाची सुरुवात आहे का, ते तो तपासत असावा. "काय नाय," तो म्हणाला. "असांच. जेवलंस काय. मशीन कसली. ती इचारता, मी सांगतंय."

"मगे, कसली मशीन?"

तो थांबला. मग सांगू लागला. लोखंडाचा दांडा फिरतो, पातं त्याला लागतं, केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो. पहिल्या वर्षी त्याचे किती भाग वाया गेले ते सांगताना तो हसला. रेमेदीनला त्यातलं निम्मं कळलं नाही. ती ऐकत राहिली. मधे एकदा तिच्या मनात आलं, हे सगळं इस्पेरांसने तीन वर्षांपूर्वीच ऐकलंय. तिने त्याला आणखी एक तुकडा वाढला.

जेवण होतंय तोच त्याचा फोन वाजला. "काकी!" तो उठून खळ्यात गेला, आणि तिथून त्याचं मोकळं, मोठं हसू ऐकू आलं. तसं तो ताटावर बसून हसला नव्हता. रेमेदीनने ताट झाकून ठेवलं आणि ओठ घट्ट मिटले.

तो आत आला. "मांय, दोरीनाचो रिपोर्ट इलो. साधी गाठ. भियाचां काय नाय."

रेमेदीनने क्रूस काढला. तिला खरंच हायसं वाटलं, डोळे भरून आले. आणि त्याच्याच पाठोपाठ मनात टोचलं: हिला न मागताच मिळालं! चिठी नाही, काही नाही, तरी मिळालं! ते टोचणं तिने ओळखलं. घरातल्या जुन्या भाडेकरूला ओळखावं तसं.

"काकी तुज्याशी बोलतली म्हणता," आग्नेल म्हणाला आणि फोन पुढे केला.

रेमेदीनने पदराला हात पुसून तो घेतला. पलीकडे एसटी स्टँडसारखा गलका. मग इस्पेरांसचा आवाज, कोरडा.

"माज्या कोंबड्यांका कोण घालता?"

"कृष्णाबाय घालता आसतली."

"ती सकाळीच घालता. सांजच्याक कोण नाय. तांदळाची कणी मागच्या पडवेत डब्यात आसा. पाणी बदल. तांबडी कोंबडी खुडूक आसा, तिका वायली दी, नायतर बाकीची तिका खावक दिनत नाय."

"घालतंय," रेमेदीन म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "तू कदी येतंस?"

"मंगळवारी." गलका वाढला, कमी झाला. "आग्नेल जेवलो?"

"जेवलो."

"बरां," इस्पेरांस म्हणाली आणि फोन बंद झाला.

ऊन उतरणीला लागलं होतं. कायतान आणि आग्नेल ओसरीवर एका जुन्या इंजिनावर वाकले होते. रेमेदीन खळं ओलांडून समोरच्या घराच्या मागे गेली, पडवीतला डबा शोधला आणि कोंबड्यांना साद घातली. सगळ्या धावत आल्या. तांबडी आली नाही. ती खुराड्यात कोपऱ्यात फुगून बसली होती. रेमेदीन वाकली, मूठभर कणी तिच्यापुढे टाकली, आणि बाकीच्या तिच्यावर तुटून पडू नयेत म्हणून ती खाईपर्यंत दारात आडवी बसून राहिली.